जपानच्या किनाऱ्यावर मामंजी

राजसबाई पाण्याचे हंडे मोजायच्या ते असे: लाभ, दोन, तीन, चार. पहिल्या हंड्याला त्या 'एक' म्हणाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या यजमानांचं नाव एकोजी. नवऱ्याचं नाव घेणं तर सोडाच, त्या नावाची नुसती सुरुवातसुद्धा तोंडातून निघता कामा नये, असा तंजावरच्या त्यांच्या माहेरचा दंडक होता. यजमान गेले त्याला कित्येक वर्षं लोटली, दंडक काही गेला नाही. एकादशीला त्या 'हरिदिन' म्हणत, आणि एकवीस मोदक करायचे झाले तर 'वीस आणि वर लाभाचा'. मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या त्यांच्या गल्लीतल्या तमिळ बायकांची तर समजूतच झाली होती की मराठीत पहिल्या आकड्याला लाभ म्हणतात.

त्यांची सून सरोजा याला हसायची. ती शाळेत गणित शिकवायची, तेव्हा तिला हसण्याचा अधिकारही होता. "आत्याबाई, माझ्या वर्गात तुम्ही पहिल्याच आकड्याला नापास," असं ती म्हणायची. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं तिचंही होतं. सासूसमोर ती नवऱ्याला 'हे' म्हणायची आणि सासऱ्यांना 'मामंजी'. शाळेच्या कागदावर नवऱ्याचं नाव लिहिताना हात अडत नसे, जीभ मात्र अजून अडायची.

त्र्याऐंशी सालचा मे महिना होता. कत्तिरीचं, म्हणजे ऐन उन्हाळ्यातलं, ऊन वरून भाजत होतं आणि मद्रासच्या नळांना महिनोन्महिने पाण्याचा पत्ता नव्हता. पाण्याची लॉरी आली की आख्खी गल्ली रंगीबेरंगी प्लास्टिकची कुडं, म्हणजे घागरी, घेऊन धावायची. शाळेला सुट्टी असल्यामुळे घरचं पाणी आणण्याचं काम सरोजाकडे होतं.

सरोजाचा नवरा तुकोजी त्या वेळी जपानात होता. अंबत्तूरजवळ पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनियर. कंपनीने त्याला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी धाडलं होतं. हा माणूस मुळात भटक्या. सुट्टी मिळाली की तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरायला जायचा आणि जिथे जाईल तिथलं चित्राचं पोस्टकार्ड घरी पाठवायचा. एका कार्डावर समुद्रात उभी असलेली दगडाची भलीमोठी कमान होती, तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. दुसऱ्यावर काळ्या दगडाचे सरळसोट खांब, कुणी तासून रचून ठेवल्यासारखे. तिसऱ्यावर पाण्यात उभे दोन खडक, एक मोठा, एक लहान, आणि त्यांना बांधणारा गवताचा जाडजूड दोर. मागे तुकोजीने लिहिलं होतं, "आईला सांग, इथे खडकांचीसुद्धा लग्नं लावतात. हे नवरा-बायको आहेत."

राजसबाईंना ते कार्ड फार आवडलं. त्यांनी ते यजमानांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं. "त्यांना पाहू दे," म्हणाल्या, "लेक कोठं कोठं हिंडतो ते."

सरोजाला मात्र एकही कार्ड आवडलं नाही. तिला समुद्राची भीती वाटायची, आणि ती काही उगाच नव्हती. लग्न होऊन ती मद्रासला आली त्याच महिन्यात मरीनाच्या किनाऱ्यावर कॉलेजची दोन मुलं बुडाली होती. लोकांनी ओढून आणलेलं एक तिने पाहिलं. त्या मुलाच्या पायात एकच चप्पल राहिली होती. तेव्हापासून ती वाळूत जायची, सुंडलचे वाफवलेले हरभरे खायची, पण लाटेला पाय लावू द्यायची नाही. तुकोजी निघाला तेव्हा तिने त्याच्याकडून वचन घेतलं होतं, समुद्र लांबून बघायचा. आणि शेवटच्या कार्डावर या शहाण्याने लिहिलं होतं, "येत्या सुट्टीत, सव्वीस तारखेला, कारखान्यातल्या मंडळींबरोबर बसने जाणार. किनाऱ्यावर एक गुहा आहे, होडीतून आत जाता येतं. आत पाणी निळं दिसतं म्हणे. रागावू नकोस."

ती रागावली नाही. घाबरली. आणि घाबरत असतानाच एका सकाळी पेपरात बातमी आली. जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्यामागून समुद्राची लाट आली, आणि किनारा बघायला आलेली माणसं तिने ओढून नेली.

सरोजाने ती बातमी उभ्याने वाचली, मग बसून वाचली. गावाचं नाव ओळखीचं नव्हतं, पण तारीख ओळखीची होती. त्याच दिवशीची ती सुट्टी. घरात पिण्यापुरतंही पाणी नव्हतं आणि तिच्या डोळ्यांपुढे मात्र पाणीच पाणी होतं. सासूला काही न सांगता तिने पायात चपला घातल्या आणि नुंगंबाक्कमची बस पकडली.

कंपनीचं ऑफिस नुंगंबाक्कमला होतं. तिथे कर्मचाऱ्यांचं सगळं बघणारे कृष्णकांत देवधर पुण्याचे. माणूस चांगला, पण मद्रासमध्ये दहा वर्षं काढूनही इडलीला नावं ठेवणारा. त्या दिवशी मात्र त्यांनी आधी खुर्ची पुढे केली. तेव्हाच सरोजाला कळलं की बातमी तिच्या आधी इथे पोचलेली आहे.

"वहिनी, बस किनाऱ्यावरच उभी होती," देवधर म्हणाले. "मंडळी खाली खडकांवर गेली होती. काही सापडली, काही अजून नाहीत. कारखान्याने इस्पितळांतून चौकशी केली. तुकोजी रावांचं नाव कुठेच नाही."

"कुठेच नाही म्हणजे?"

"म्हणजे जखमींत नाही. आणि… दुसऱ्या यादीतही नाही. तेव्हा धीर धरा. टेलेक्स आला की मी फोन करतो. तुमचा तो मॅन्शनचा नंबर आहे माझ्याकडे."

मॅन्शन म्हणजे सरोजाच्या घराला लागून असलेली तीन मजली इमारत, एकट्या नोकरदार पुरुषांनी खच्चून भरलेली. तिचे मॅनेजर अरुमुगम यांच्या टेबलावर फोन होता आणि शेजाऱ्यांचे निरोप ते उदार मनाने घ्यायचे. सरोजा घरी परतली ती त्या फोनकडे कान लावूनच. सासूला तिने एवढंच सांगितलं की तिकडे भूकंप झाला आहे आणि ऑफिसातून फोन येईल. राजसबाई अडाणी नव्हत्या. त्यांनी सुनेचं तोंड पाहिलं, पेपराची घडी पाहिली आणि काही न विचारता देवापुढे जाऊन बसल्या.

तो दिवस आणि त्याची रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी लॉरीचा भोंगा वाजला. जावं की नाही, सरोजाचा पाय निघेना. पण घरात थेंब नव्हता. "जा," राजसबाई म्हणाल्या, "फोन आला तर मी अहे." सरोजा कुडं घेऊन पळाली. रांगेत दोघी बायकांचं भांडण जुंपलं होतं, एकीचं कुडं दुसरीने मागे सारलं म्हणून. एरवी सरोजा मध्ये पडली असती. आज तिला त्या दोघींचा हेवा वाटला.

ती परतली तेव्हा दार सताड उघडं होतं. राजसबाई यजमानांच्या फोटोसमोर जमिनीवर बसल्या होत्या. तोंड पांढरंफटक, ओठ आवळलेले. चौकटीत खोचलेलं ते दोन खडकांचं कार्ड त्यांनी काढून हातात चुरगाळलं होतं.

सरोजाच्या हातून कूड निसटलं. पाणी उंबऱ्यापर्यंत गेलं, पण दोघींनीही तिकडे पाहिलं नाही.

"आत्याबाई, फोन आला होता?"

मान हलली.

"काय म्हणाले? सांगा ना! हे सापडले?"

राजसबाई एकदम फोटोवरच कडाडल्या, "एवढी वर्षं गप बसला होतात ना? मग आत्ताच कशाला गेलात? मीच मेली मूर्ख! मीच जागा दाखवली तुम्हाला, चित्र खोचून!"

नवरा गेला आणि सासूचं डोकंही फिरलं, हाच विचार तिच्या मनात आला. ती खाली बसली. तिने म्हातारीचे दोन्ही खांदे धरले. सासूला असा हात लावण्याची ही तिची पहिलीच वेळ.

"आत्याबाई, माझ्याकडे बघा. कोण गेलं? कुठं गेलं?"

"हे." राजसबाईंनी हनुवटीने फोटो दाखवला. "तिथं गेलेत. लेकाला न्यायला."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या त्या देवधरानं. खोटं कसं बोलेल तो? त्याला काय ठाव ह्यांचं नाव? नाव घेऊन विचारलं त्यानं मला. म्हणे, हे… हे म्हणून कोण अहेत का तुमच्या ओळखीचे? म्हणे, तिथं इस्पितळात पडलेत. बेशुद्ध. पाय चेंगरलाय. म्हणे, तुमच्या लेकाच्या संगती होते का?" त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो, संगतीच असतील! न्यायला गेल्यावर संगतीच असणार की!"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगू? खरं ते सांगिटलं. ते वारले म्हटलं. कृष्णांपेट्टेच्या मसणात जाळलं म्हटलं त्यांना. आणि फोन ठेवला."

उन्हाने तापलेल्या त्या खोलीत तिच्या अंगावर काटा आला. क्षणभर, खरंच सांगायचं तर क्षणभरापेक्षा जास्तच, तिला सासूचं म्हणणं पटलं. फोटोतले मामंजी पगडी घालून तिच्याकडे रोखून बघत होते. ऑफिसातल्या देवधरांना मामंजींचं नाव कुठून कळणार? ऑफिसच्या कागदांवर नवऱ्याचं नाव होतं 'ई. तुकोजी राव'. इकडच्या रिवाजाप्रमाणे वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर पुढे. त्या अक्षराच्या मागे कोण उभं आहे हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आणि मग तिला पासपोर्टचा एजंट आठवला. माउंट रोडवरचा, तपकीर ओढणारा. तो म्हणाला होता, परदेशात नुसतं अक्षर चालत नाही, आडनाव लागतं. आडनाव तर या घराण्याला नव्हतंच, राव हा नुसता मान. तेव्हा त्याने ते अक्षर फोडलं आणि आडनावाच्या जागी मामंजींचं पूर्ण नाव घातलं. तुकोजी घरी येऊन हसत म्हणाला होता, "आता जपानात मी बाबांच्या नावाने हिंडणार."

"आत्याबाई," सरोजा म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही, "ते मामंजी नाहीत. ते हेच आहेत."

"कोण हे?"

"तुमचा मुलगा! पासपोर्टात शेवटी मामंजींचं नाव आहे. पासपोर्ट भिजला असेल, तेवढंच वाचता आलं असेल. हे जिवंत आहेत, आत्याबाई. आणि तुम्ही तिकडे सांगितलंत की ते वारले!"

राजसबाईंनी सुनेकडे पाहिलं. समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नाही आला, नवीनच भीती आली. आपल्या तोंडाने आपण जिवंत लेकाला जाळून आलो, ही ती भीती. त्या उठल्या. गुडघेदुखीचं कौतुक विसरून, सांडलेल्या पाण्यातून, अनवाणी त्या सुनेच्या पुढे मॅन्शनकडे धावल्या.

अरुमुगमनी बायकांची ती अवस्था पाहिली आणि न विचारता नंबर फिरवला. लागेना. परत फिरवला. एंगेज. सरोजाच्या मनात एकच चाललं होतं. देवधर तिकडे कळवून मोकळे होतील की हा माणूस आमचा नाही. मग तिकडे एक बिनवारशी माणूस पडून राहील, चेंगरल्या पायाने, परक्या नावाने. अरुमुगम पुटपुटत होते, "लागेल अम्मा, लागेल." शेवटी लागला.

"देवधर साहेब, तो माणूस म्हणजे हेच आहेत!" सरोजाने एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे खरखर होती. देवधरांचा आवाज सावध झाला. दुःखात माणूस कशालाही धरून बसतो, हे त्यांनी नोकरीत पाहिलेलं असावं.

"वहिनी, मावशी तर आत्ताच म्हणाल्या की एकोजी वारले. मला नीट कळू द्या. ऑफिसच्या कागदांत जवळचं माणूस म्हणून आईचंच नाव आहे, रावांचं लग्न व्हायच्या आधी लिहिलेलं. डॉक्टरांनाही घरच्यांची परवानगी हवी आहे. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल म्हणतात, नाहीतर विष चढेल. त्यांना उत्तर आत्ता हवंय. मावशींना फोन द्या. कोण एकोजी आणि कोण राव, हे त्यांनीच सांगू दे."

सरोजाने रिसीव्हर पुढे केला. राजसबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"मावशी, बोला. हे एकोजी कोण?"

"त्याचे बाबा," राजसबाई म्हणाल्या.

"कुणाचे? ऐकू येत नाही."

"सरोजाचे मामंजी!"

"मावशी, नाव सांगा हो, नाव! पासपोर्टावरचं पूर्ण नाव कसं आहे? मोठ्याने बोला!"

मॅन्शनच्या जिन्यावर पोरं जमली होती. कुणी टॉवेल गुंडाळलेला, कुणी दाढीचा साबण लावलेला. एवढ्या परपुरुषांसमोर राजसबाई आयुष्यात उभ्या राहिल्या नव्हत्या. सरोजाला वाटलं, आता मी घेते फोन, मी सांगते. तिने हात पुढे केला. राजसबाईंनी तो झटकून टाकला.

"नक्को. वारले मी म्हटलं, मीच ते पुसते."

आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले. "तुकोजीराव एकोजी!" त्या ओरडल्या. "ऐकू आलं? एकोजी माझे यजमान. ते गेले. तुकोजी त्यांचा लेक. तो अहे! तिथं दोघं नाहीत हो, एक अहे. एक! एकच!"

जिन्यावर कुणी हललं नाही. मराठी कुणालाच येत नव्हती, पण ती हाक सगळ्यांना कळली. पलीकडून देवधरांनी हलक्या आवाजात पायाचं विचारलं.

"पाय घेऊ देत," राजसबाई म्हणाल्या. "मला लेक ठेवू देत."

फोन ठेवल्यावर त्या तिथेच, अरुमुगमच्या बाकावर बसल्या. पदर तोंडावर ओढून घेतला. सरोजा शेजारी बसली आणि रडली, आदल्या सकाळपासून साठलेलं सगळं रडली. किती वेळाने तरी पदराआडून आवाज आला.

"सरोजा, रागावले असतील का ग ते?"

"नाही हो आत्याबाई."

"चारचौघांत घेतलं. ओरडून घेतलं."

सरोजाने सासूचे ओले, धुळीने माखलेले पाय आपल्या पदराने पुसले.

पुढचे दोन दिवस दोघी जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. गल्लीत लॉरी आली की कुणीतरी न सांगता त्यांचं कूड भरून आणून ठेवायचं. राजसबाईंनी चुरगाळलेलं कार्ड तळहाताने सपाट केलं, पण परत खोचलं नाही, देवाच्या पाटाखाली ठेवलं. ते दोन खडक त्या लाटेनंतर उभे असतील की नाही हे सरोजाच्या मनात यायचं आणि ती तो विचार हाकलून द्यायची. एखादी मोटार गल्लीत थांबली तरी ती हातातलं टाकून दाराशी जायची. वाईट बातमी फोनवर देत नाहीत, माणूस पाठवतात, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी खरोखरच माणूस आला. देवधर स्वतः, घामाघूम, रिक्षाने. सरोजाने त्यांना दारात पाहिलं आणि तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"अहो, बसा, बसा, चांगलं आहे!" देवधर घाईघाईने म्हणाले. "शुद्धीवर आलेत. पाय गेला, पण बाकी ठणठणीत आहेत. फोनवर सांगवेना म्हणून आलो." घोटभर पाणी पिऊन ते हसले. "आपल्या वकिलातीचा माणूस तिथे होता, त्याने सांगितलं. रावांनी डोळे उघडले, तर नर्सने हाक मारली, 'एकोजी सान!' जपानी लोक असंच म्हणतात, आपल्याकडे राव तसं. तर हे पठ्ठे मान वळवून मागे बघायला लागले. तिला म्हणाले, बाबा कुठे आहेत?"

सरोजा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. देवधरही हसत होते. राजसबाई हसल्या नाहीत. त्या पुढे सरकल्या आणि देवधरांच्या तोंडाकडे बघत, अगदी हळू आवाजात विचारलं.

"मग? दिसले का त्याला?"